पेनिसिलिनची ॲलर्जी

पेनिसिलिनची ॲलर्जी म्हणजे पेनिसिलिन व त्याच्या गटातील प्रतिजैविकांना शरीराच्या रोगप्रतिकार यंत्रणेने दिलेली अपायकारक प्रतिक्रिया होय. ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, बेंझाथिन पेनिसिलिन इत्यादी औषधे या गटात मोडतात. बहुतेक प्रतिक्रिया अंगावर पुरळ उठण्यापुरत्या मर्यादित असतात. क्वचित मात्र ॲनाफिलॅक्सिस ही प्राणघातक अवस्था काही मिनिटांत उद्भवते. दुसरीकडे, आपल्याला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असे समजणाऱ्या बहुसंख्य व्यक्तींना तपासणीअंती ती नसल्याचे आढळते. त्यामुळे खरी ॲलर्जी वेळीच ओळखणे आणि चुकीची नोंद टाळणे या दोन्ही गोष्टींना वैद्यकात सारखेच महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

या प्रतिक्रियांचे शास्त्रीय आकलन प्रतिजैविकांच्या युगाआधीच सुरू झाले होते. १९०२ मध्ये पॉल पोर्तिए व शार्ल रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सागरी प्राण्यांच्या विषाचे कुत्र्यांवर प्रयोग केले. पहिल्या मात्रेमुळे संरक्षण मिळेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात दुसरी अल्प मात्राही जीवघेणी ठरली. या घटनेला त्यांनी ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव दिले. या संशोधनासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘ॲलर्जी’ हा शब्द ऑस्ट्रियाचे वैद्य क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये रूढ केला.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये लंडन येथे पेनिसिलिनचा शोध लावला. १९४० च्या दशकात त्याचा वापर सर्वत्र वाढला आणि त्यासोबत ॲलर्जीची उदाहरणेही समोर येऊ लागली. भारतात पेनिसिलिनच्या उत्पादनासाठी पुण्याजवळील पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान ॲंटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली.

कारणमीमांसा

पेनिसिलिनचा रेणू इतका लहान असतो की, तो एकटा रोगप्रतिकार यंत्रणेला सहसा चेतवू शकत नाही. शरीरात गेल्यावर त्याच्या रचनेतील बीटा-लॅक्टम हे वलय उघडते आणि रेणू रक्तातील प्रथिनांना चिकटतो. या जोडगोळीला यंत्रणा परकी समजते. काही व्यक्तींमध्ये तिच्याविरुद्ध आयजीई नावाचे प्रतिपिंड तयार होतात व ते ऊतींमधील मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात. पुढे तेच औषध पुन्हा दिले गेले की या पेशींमधून हिस्टामीन व इतर द्रव्ये एकाएकी बाहेर पडतात. त्यामुळे रक्तवाहिन्या फैलावतात, त्यांतून द्रव झिरपतो आणि श्वासनलिका आकुंचन पावतात.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पूर्वी औषध निर्धोकपणे घेतले असले, तरी पुढच्या वेळी प्रतिक्रिया येणारच नाही अशी हमी देता येत नाही. तसेच औषधामुळे होणारी मळमळ किंवा जुलाब हे दुष्परिणाम असून त्यांना ॲलर्जी म्हणता येत नाही. कुटुंबातील दुसऱ्या व्यक्तीला ॲलर्जी आहे, एवढ्याच कारणावरून औषध वर्ज्य करण्याचीही आवश्यकता नसते.

लक्षणे

तत्काळ प्रतिक्रिया : ही बहुधा औषध घेतल्यापासून एका तासाच्या आत येते, इंजेक्शननंतर ती काही मिनिटांतही येऊ शकते. अंगाला खाज सुटणे, गांधी उठणे, ओठ, पापण्या किंवा जीभ सुजणे ही तिची लक्षणे होत. घशात आवळल्यासारखे वाटणे, आवाज बसणे, धाप लागणे, छातीत घरघर, चक्कर व रक्तदाब एकदम उतरणे ही ॲनाफिलॅक्सिसची चिन्हे आहेत. काही रुग्णांत त्वचेवर कोणतेही चिन्ह न दिसता थेट श्वासाचा त्रास किंवा बेशुद्धी येते. पेनिसिलिनच्या दर १०,००० उपचारांमागे सुमारे १ ते ५ वेळा ॲनाफिलॅक्सिस होते, असा प्रचलित अंदाज आहे.

विलंबित प्रतिक्रिया : ही काही दिवसांनी, कधी औषध थांबवल्यानंतरही दिसते. बहुतेकदा ती साध्या लालसर पुरळाच्या रूपात असते. मात्र पुरळासोबत ताप, तोंडात, डोळ्यांत किंवा जननेंद्रियांवर व्रण, त्वचेची आग, फोड अथवा साल निघणे आढळल्यास स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमची शंका घ्यावी लागते. १९२२ मध्ये वर्णिलेला हा विकार अत्यंत विरळ, पण जीवघेणा आहे. पेनिसिलिनपेक्षा सल्फा गटातील प्रतिजैविकांमुळे तो अधिक प्रमाणात होतो.

तातडीचे उपचार

ॲनाफिलॅक्सिसवरील मुख्य औषध ॲड्रेनॅलिन हे होय. ते मांडीच्या मध्यभागी, बाहेरच्या बाजूस स्नायूमध्ये टोचतात. प्रौढांसाठी त्याची मात्रा सामान्यतः ०.५ मिलिग्रॅम असते. सुधारणा न झाल्यास पाच मिनिटांनी ती पुन्हा देता येते. ॲलर्जीच्या गोळ्या व स्टेरॉइड ही पूरक औषधे असून ती ॲड्रेनॅलिनची जागा घेऊ शकत नाहीत. त्यांच्या परिणामाची वाट पाहण्यात मोलाचा वेळ जातो.

रुग्णाला आडवे निजवून पाय उंचावर ठेवतात. श्वास घेणे कठीण होत असल्यास बसू देतात. त्याला एकाएकी उभे करणे किंवा चालवणे धोक्याचे असते. घरी असा प्रसंग आल्यास औषध त्वरित थांबवून १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलावणे इष्ट. लक्षणे ओसरल्यावर काही तासांनी पुन्हा उद्भवू शकतात, म्हणून रुग्णाला देखरेखीखाली ठेवले जाते.

निदान

औषधाचे नाव, लक्षणांचे स्वरूप, औषध घेतल्यापासून गेलेला वेळ व घटनेचे वर्ष ही माहिती निदानाचा पाया असते. त्यानंतर आवश्यकतेनुसार त्वचाचाचणी किंवा वैद्यकीय देखरेखीखाली औषधाची मात्रा तोंडावाटे देऊन परीक्षण केले जाते. ज्यांना पूर्वी स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमसारखी गंभीर विलंबित प्रतिक्रिया आली असेल, त्यांना मात्र ते औषध परीक्षणासाठीही पुन्हा देत नाहीत.

भारतात इंजेक्शनपूर्वी ‘टेस्ट डोस’ देण्याची पद्धत रूढ आहे. तो निर्दोष ठरला तरी पूर्ण मात्रेनंतर प्रतिक्रिया येऊ शकते. क्वचित टेस्ट डोसनेच ती सुरू होते. म्हणून इंजेक्शन देताना ॲड्रेनॅलिन हाताशी असणे व नंतर रुग्णाला काही वेळ थांबवून ठेवणे आवश्यक मानतात.

चुकीच्या नोंदीचे परिणाम

अनेक पाश्चात्त्य देशांत सुमारे १०% लोकांच्या नावे पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद असते. परंतु तपासणी केल्यास त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक व्यक्तींना हे औषध चालते. लहानपणी विषाणुजन्य आजारात उठलेले पुरळ औषधाच्या माथी मारले जाणे, हे यामागील एक कारण होय. शिवाय खरी तत्काळ ॲलर्जीही कालांतराने क्षीण होते. दहा वर्षांनंतर सुमारे ८०% व्यक्तींमध्ये ती उरत नाही. तरीही हा निर्णय चाचणीवाचून घेऊ नये.

चुकीच्या नोंदीमुळे रुग्णाला अधिक महाग, अधिक दुष्परिणाम करणारी व व्यापक परिणामाची प्रतिजैविके दिली जातात आणि जीवाणूंमधील औषधरोधास खतपाणी मिळते. ऱ्हुमॅटिक तापामुळे हृदयाच्या झडपांना इजा झालेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन लागते. ॲलर्जीच्या धास्तीने ते बंद झाल्यास ताप उलटून हृदयाची हानी वाढू शकते. गर्भवतीला उपदंश झाल्यास पेनिसिलिनला समाधानकारक पर्याय नाही. अशा वेळी खरी तत्काळ ॲलर्जी असली, तरी रुग्णालयात अत्यल्प मात्रेपासून टप्प्याटप्प्याने वाढवत औषध देण्याची पद्धत अवलंबतात.

प्रतिबंध

ज्यांना खरी ॲलर्जी आहे, त्यांनी औषधाचे मूळ नाव लिहून ते जवळ बाळगणे आणि प्रत्येक डॉक्टर, दंतवैद्य व औषधविक्रेत्यास सांगणे हिताचे असते. एकच औषध अनेक व्यापारी नावांनी विकले जात असल्याने केवळ गोळीचा रंग किंवा वेष्टन लक्षात ठेवणे पुरेसे नसते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून प्रतिजैविके न घेणे आणि घरातील उरलेल्या गोळ्या दुसऱ्यास न देणे, हा प्रतिबंधाचा सर्वांत सोपा मार्ग होय.