दक्षिण आफ्रिका व न्यूझीलंड यांचे रग्बी द्वंद्व : क्रीडा, वर्ण आणि राष्ट्र

प्रस्तावना

क्रीडेच्या इतिहासाकडे बहुधा जय-पराजयाची नोंदवही म्हणून पाहिले जाते. परंतु काही संघांमधील चुरस इतकी दीर्घकाळ चालते, की तिच्यात त्या त्या समाजाचे अंतर्विरोध प्रतिबिंबित होऊ लागतात. रग्बी युनियन या खेळातील दक्षिण आफ्रिका व न्यूझीलंड यांचे द्वंद्व हे याचे ठळक उदाहरण होय. १९२१ पासून चालत आलेल्या या द्वंद्वात 'देशाचा संघ' म्हणजे नेमका कोणाचा संघ, हा प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित झाला. खेळ व राजकारण परस्परांपासून अलग ठेवावे, हे सूत्र कितपत टिकते, याची कसोटीही येथे लागली. प्रस्तुत लेखात या द्वंद्वाच्या वाटचालीचा त्या दृष्टीने आढावा घेतला आहे.

द्वंद्वाची पार्श्वभूमी

रग्बी युनियन हा प्रत्येकी १५ खेळाडूंचा खेळ. ब्रिटिश साम्राज्याबरोबर तो दोन्ही देशांत पोहोचला आणि तेथील गोऱ्या वसाहतकारांच्या अस्मितेचा भाग बनला. दक्षिण आफ्रिकेत इंग्रजी भाषकांइतकाच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, तो आफ्रिकानर समाजाने आपलासा केला. न्यूझीलंडमध्ये मात्र मूलनिवासी माओरी समाज प्रारंभापासून या खेळात सहभागी होता. न्यूझीलंडचा संघ 'ऑल ब्लॅक्स' व दक्षिण आफ्रिकेचा संघ 'स्प्रिंगबॉक्स' या नावाने ओळखला जाऊ लागला, तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. एकाच खेळाची ही दोन भिन्न सामाजिक रूपे समोरासमोर आली, तेव्हाच पुढील संघर्षाचे बीज रोवले गेले.

वर्णाचा प्रश्न तर पहिल्या अधिकृत कसोटी सामन्याच्याही आधीचा आहे. १९१९ मध्ये न्यूझीलंडच्या लष्करी संघाने दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला, तेव्हा वेस्ट इंडियन वंशाचा पिता असलेल्या नथॅनिएल विल्सन या खेळाडूला तेथे खेळू दिले गेले नाही. हा खेळाडू 'रणजी' या टोपणनावाने प्रसिद्ध होता. ते नाव क्रिकेटपटू रणजितसिंहजींवरून पडलेले होते, हे भारतीय वाचकास लक्षणीय वाटेल.

प्रारंभिक कालखंड : १९२१ ते १९५६

उभय देशांतील पहिला कसोटी सामना १३ ऑगस्ट १९२१ रोजी डुनेडिन येथे झाला व तो न्यूझीलंडने १३-५ असा जिंकला. दुसरा सामना दक्षिण आफ्रिकेने जिंकला, तर तिसऱ्या सामन्यात कोणासही एकही गुण मिळाला नाही. मालिका बरोबरीत सुटली. याच दौऱ्यात नेपियर येथे न्यूझीलंड माओरी संघाविरुद्धचा सामना स्प्रिंगबॉक्सनी ९-८ असा निसटता जिंकला. गोऱ्या प्रेक्षकांनी आपल्याच वर्णाच्या पाहुण्या संघाविरुद्ध माओरींना प्रोत्साहन द्यावे, याविषयी तिरस्कार व्यक्त करणारी एका दक्षिण आफ्रिकी वार्ताहराची तार स्थानिक वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली आणि मोठे वादळ उठले.

१९२८ मध्ये ऑल ब्लॅक्स प्रथमच दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. त्या संघात जॉर्ज नेपियासारखा अग्रगण्य माओरी खेळाडू नव्हता. यजमानांच्या वर्णविषयक संकेतांपुढे न्यूझीलंडच्या रग्बी संघटनेने मान तुकवली होती. मालिका २-२ अशी सुटली. १९३७ मध्ये स्प्रिंगबॉक्सनी न्यूझीलंडच्या भूमीवर २-१ असा विजय मिळवला. १९४९ च्या दौऱ्यातही माओरींना वगळले गेले आणि चारही कसोटी सामने न्यूझीलंडने गमावले. त्यामुळे १९५६ मध्ये मायदेशी मिळवलेला ३-१ हा मालिकाविजय न्यूझीलंडमध्ये राष्ट्रीय उत्सवासारखा साजरा झाला. विश्वचषक स्पर्धा १९८७ मध्ये सुरू झाली. तोपर्यंत या दोन संघांतील मालिका म्हणजेच अनधिकृत विश्वविजेतेपद, अशी रग्बी जगतात धारणा होती.

या काळातील गुणसंख्या आजच्या वाचकास अल्प वाटते, त्याचे एक कारण नियमांत आहे. प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणे म्हणजे 'ट्राय'. त्याला त्या वेळी ३ गुण मिळत. १९७१ मध्ये ते ४ व १९९२ मध्ये ५ करण्यात आले.

बहिष्काराचे राजकारण : १९६० ते १९८१

१९४८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत नॅशनल पक्षाची सत्ता आली व वर्णभेदास कायद्याचे अधिष्ठान लाभले. १९६० च्या दौऱ्यासाठी पुन्हा केवळ गोऱ्यांचा संघ निवडला जाणार हे स्पष्ट झाले, तेव्हा 'माओरी नाहीत तर दौराही नाही' ही घोषणा न्यूझीलंडमध्ये दुमदुमली आणि दीड लाखांहून अधिक नागरिकांनी निषेधपत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ जण मृत्युमुखी पडले होते. तरीही दौरा पार पडला.

१९६५ मध्ये स्प्रिंगबॉक्स न्यूझीलंडमध्ये असतानाच पंतप्रधान फेरवूर्ट यांनी माओरी खेळाडूंना दक्षिण आफ्रिकेत प्रवेश मिळणार नाही, असे सूचित केले. परिणामी १९६७ चा नियोजित दौरा न्यूझीलंडने रद्द केला. पुढे १९७० मध्ये माओरी व सामोअन वंशाच्या खेळाडूंना 'मानद गोरे' हा दर्जा देऊन प्रवेश दिला गेला. ही सवलत वरकरणी उदार असली, तरी तिच्यातील तर्क विपरीत होता. माणसाचा मूळ वर्ण अपात्रच मानून, काही आठवड्यांपुरता त्याला दुसरा वर्ण उसना देण्याचा हा प्रकार होता. याउलट, स्वतःच्या देशाच्या संघात स्थान नसलेले अनेक कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीय दक्षिण आफ्रिकी प्रेक्षक वेगळ्या राखलेल्या जागांवर बसून ऑल ब्लॅक्सचा जयघोष करीत. केपटाऊन परिसरात ही परंपरा वर्णभेदाच्या अंतानंतरही टिकून राहिली.

१९७३ मध्ये पंतप्रधान नॉर्मन कर्क यांच्या सरकारने स्प्रिंगबॉक्सचा न्यूझीलंड दौरा रोखला. क्रीडाबहिष्काराचा विचार अन्यत्रही बळावत होता. १९७४ मध्ये भारताने डेव्हिस चषक टेनिस स्पर्धेचा अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळण्यास नकार देऊन विजेतेपदावर पाणी सोडले. मात्र जून १९७६ मधील सोवेटोच्या हत्याकांडानंतर लगेचच ऑल ब्लॅक्स दक्षिण आफ्रिकेत खेळण्यास गेले. त्याच्या निषेधार्थ २० हून अधिक देशांनी, त्यांत प्रामुख्याने आफ्रिकी देशांनी, माँट्रियल ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. पुढील वर्षी राष्ट्रकुल नेत्यांनी ग्लेनइगल्स करार करून दक्षिण आफ्रिकेशी क्रीडासंबंध न ठेवण्याचा संकल्प केला.

तरीही १९८१ मध्ये रॉबर्ट मल्डून यांच्या सरकारने स्प्रिंगबॉक्सचा दौरा रोखला नाही. त्यानंतरचे ५६ दिवस न्यूझीलंड दुभंगलेले राहिले. दोनशेहून अधिक निदर्शनांत दीड लाखांहून अधिक लोक सहभागी झाले व सुमारे १५०० जणांवर खटले भरले गेले. २५ जुलै रोजी हॅमिल्टन येथे निदर्शकांनी मैदानच व्यापल्याने सामना रद्द झाला. मंडेला त्या वेळी रॉबेन बेटावर बंदिवान होते. १९९५ मधील आपल्या न्यूझीलंड भेटीत या वार्तेने कैद्यांना झालेल्या आनंदाचा त्यांनी उल्लेख केला. ऑल ब्लॅक्सचा कर्णधार ग्रॅहम मौरी याने सदसद्विवेकबुद्धीस स्मरून खेळण्यास नकार दिला होता. १२ सप्टेंबरच्या ऑकलंड येथील निर्णायक कसोटीत विमानातून मैदानावर पिठाच्या पिशव्या टाकल्या जात असताना न्यूझीलंडने २५-२२ असा विजय मिळवला.

या आंदोलनाचा एक परिणाम अंतर्मुख करणारा होता. दूरच्या आफ्रिकेतील अन्यायाविरुद्ध उभे राहणाऱ्यांना स्वदेशातील माओरींच्या जमिनींचा व हक्कांचा प्रश्न का दिसू नये, असा सवाल माओरी कार्यकर्त्यांनी केला. दौऱ्याविरुद्धचा लढा अशा रीतीने न्यूझीलंडच्या आत्मपरीक्षणाचाही भाग ठरला.

१९२१ ते १९८१ या कालावधीतील ३७ कसोटी सामन्यांपैकी दक्षिण आफ्रिकेने २०, तर न्यूझीलंडने १५ जिंकले व २ अनिर्णित राहिले. हे आकडे बोलके असले, तरी त्यांचा अर्थ सावधपणे लावावा लागतो. प्रारंभीच्या दौऱ्यांत एका पक्षाने आपले सर्वोत्तम खेळाडू घरी ठेवले होते आणि दुसऱ्या पक्षाने देशातील बहुसंख्य जनतेस निवडीबाहेरच ठेवले होते.

एकाकीपणा व पुनरागमन

१९८५ मध्ये न्यूझीलंडचा नियोजित दौरा उच्च न्यायालयाच्या मनाई आदेशामुळे रद्द झाला. १९८६ मध्ये 'कॅव्हेलियर्स' नावाने बहुतेक प्रमुख खेळाडू अनधिकृत दौऱ्यावर गेले; डेव्हिड कर्क व जॉन किर्वन यांनी मात्र नकार दिला. १९८७ व १९९१ या दोन्ही विश्वचषक स्पर्धांत दक्षिण आफ्रिकेस स्थान नव्हते. रग्बी हा सत्ताधारी वर्गाच्या जिव्हाळ्याचा विषय असल्याने हा घाव आर्थिक निर्बंधांहून वेगळ्या प्रकारे झोंबला. न्यूझीलंडशी सामना न होणे, ही त्यातील सर्वांत मोठी उणीव होती. द्वंद्वाच्या उत्कटतेतच बहिष्काराचे सामर्थ्य साठलेले होते.

१५ ऑगस्ट १९९२ रोजी जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर दक्षिण आफ्रिकेचे पुनरागमन झाले. न्यूझीलंडने २७-२४ असा विजय मिळवला. परंतु आफ्रिकन नॅशनल काँग्रेसशी झालेला समझोता मोडून जुने राष्ट्रगीत वाजवले गेल्याने तो दिवस वादग्रस्त ठरला. त्याच मैदानावर २४ जून १९९५ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. राष्ट्राध्यक्ष मंडेला यांनी स्प्रिंगबॉक्सचा हिरवा पोशाख परिधान केला. वाढीव वेळेत योएल स्ट्रान्स्कीच्या ड्रॉप गोलने यजमान संघ १५-१२ असा विजयी झाला. हे दृश्य समेटाचे प्रतीक म्हणून जगभर गाजले. मात्र विजयी संघात चेस्टर विल्यम्स हा एकमेव गौरेतर खेळाडू होता, हेही विसरता येत नाही. प्रतीकाने दार उघडले. आत प्रवेश मिळण्यास पुढे दोन दशके लागली.

१९९६ मध्ये न्यूझीलंडने दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवरील पहिला मालिकाविजय मिळवून ६८ वर्षांची प्रतीक्षा संपवली. त्यानंतर व्यावसायिक युगात दोन्ही संघ जवळजवळ दरवर्षी भेटू लागले व १०० वा सामना २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथे झाला. २०१० मध्ये दोन्ही देशांच्या रग्बी संघटनांनी पूर्वी वगळलेल्या माओरी खेळाडूंविषयी क्षमायाचना केली. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी पॅरिसजवळील अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला १२-११ असे नमवून चौथ्यांदा विश्वचषक जिंकला, तेव्हा संघाचे नेतृत्व सिया कोलिसी या कृष्णवर्णीय खेळाडूकडे होते.

समारोप

या शतकभराच्या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, खेळ राजकारणापासून अलग आहे, असा दावा ज्यांनी केला, त्यांनीच संघनिवडीत वर्णाचे राजकारण मान्य केले होते. दोन, बहिष्कार परिणामकारक ठरला, तो खेळ गौण होता म्हणून नव्हे. तर तो अत्यंत प्रिय होता म्हणून. तीन, क्षमायाचना उशिरा का होईना झाली. परंतु १९२८, १९४९ व १९६० मध्ये ज्यांना घरी बसावे लागले, त्यांचे ते सामने पुन्हा कधीच होणार नव्हते. धावफलकावर या खेळाडूंची नोंद नाही. द्वंद्वाचा इतिहास लिहिताना ती नोंद घेणे हे अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.