स्टॉल आणि उंची

28 जून 2018 रोजी दुपारी सव्वाच्या सुमारास मुंबईच्या घाटकोपर पश्चिमेत एका बांधकामाधीन इमारतीच्या आवारात 'किंग एअर सी-90' हे दोन इंजिनांचे छोटे विमान कोसळले. दीर्घ दुरुस्तीनंतरचे हे चाचणी उड्डाण जुहू विमानतळावरून झाले होते. विमानातले चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी मृत्युमुखी पडले. तपासात कारण पुढे आले ते कमी उंचीवरच्या स्टॉलचे.

मोटार 'स्टॉल' होते तेव्हा इंजिन बंद पडते. विमानाचा स्टॉल म्हणजे पंखाने हवेला धरणे सोडणे. इंजिन ठणठणीत असतानाही तो होऊ शकतो. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन साधारण 15 अंशांपलीकडे गेला की वरच्या पृष्ठभागावरचा प्रवाह सुटतो आणि उद्धरण, म्हणजे विमानाला वर उचलणारे बल, एकदम घटते. वळणात धोका अधिक: उंची राखून 60 अंश कललेल्या विमानाचा स्टॉलचा वेग सुमारे 41 टक्क्यांनी वाढतो. उपाय मनाच्या ओढीविरुद्धचा आहे. जमीन जवळ येत असताना नाक वर ओढावेसे वाटते, पण ते खालीच न्यावे लागते. त्यासाठी उंची खर्चावी लागते, आणि जून-जुलैत उपनगरांवरचे ढग मुळात ती फारशी देत नाहीत.

म्हणूनच चाचणी उड्डाणासाठी निरभ्र हवामान निवडतात. बिघाड उद्भवलाच, तर आधी विमान सांभाळणे, मग दिशा, रेडिओवरचे बोलणे सर्वांत शेवटी, हा क्रम वैमानिकांना शिकवला जातो.