तट्ट्या लावल्या, शब्द कळू लागले



सातपुड्यात पावरा व भिल्ल कुटुंबांच्या घरांना अनेक ठिकाणी बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती असतात. त्या घरात आवाज घुमत नाही. तिथली मुले आमच्या वसतिगृहात येतात, ती मात्र सिमेंटच्या खोलीत बसतात. गुळगुळीत भिंती, फरशी आणि स्लॅब आवाज परत फेकतात. बाईंचा एक शब्द विरण्याआधी दुसरा त्यावर येऊन पडतो. घरी पावरी बोलणाऱ्या लहान मुलाला मग ‘पाट’ आणि ‘पाठ’ सारखेच ऐकू येतात.

यंदा आम्ही अभ्यासाच्या खोलीत पाड्यावर विणलेल्या तट्ट्या लावल्या. चटईने आवाज कसा कमी होतो, असे पुष्कळांनी विचारले.

आवाज म्हणजे हवेची थरथर. ती विणीच्या फटींतून आत शिरते, मागच्या तंतूंत घासली जाते आणि तिची किंचित उष्णता होते. १८९५च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन यांनी घुमणाऱ्या व्याख्यानगृहात बैठकीच्या गाद्या आणून हेच मोजले होते.

नुसती तट्टी भिंतीला चिकटवून मात्र फारसा उपयोग नाही. भिंतीलगत हवा जवळजवळ हलतच नाही. म्हणून आम्ही ५ सेंटिमीटर जाडीची लाकडी चौकट ठोकली, तीत जुन्या सुती गोधड्या भरल्या आणि वरून सैल विणीची तट्टी बसवली. सगळ्या भिंती झाकाव्या लागत नाहीत. मागची भिंत आणि समोरासमोरच्या दोन भिंतींपैकी एक पुरते.

काही गोष्टी सांभाळाव्यात. तट्टीला ऑइलपेंट देऊ नये, फटी बुजतात. विणण्याआधी बांबूच्या कामट्या बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून वाळवल्या तर कीड सहसा लागत नाही. बांबू आणि सूत दोन्ही पेट घेतात, म्हणून मेणबत्ती, वायर व बटणांपासून ती दूरच हवीत. आणि बाहेरचा गोंगाट किंवा पत्र्यावरचा पाऊस यावर हा उपाय नाही.

प्लॅस्टिक आल्यापासून टोपल्या आणि कणग्यांची मागणी घटली. हे काम त्याच हातांना मिळते. तुमच्या सभागृहात एकदा टाळी वाजवून पाहा. ती घुमत राहिली, तर तट्ट्या पाड्यावरूनच मागवा आणि विणणाऱ्याने सांगितलेल्या भावात घासाघीस करू नका.