ट्रॅक्टर मागे जातो, पुढे का जात नाही?

रस्त्याच्या कामावर व्हायब्रेटरी रोलर चालताना नीट बघितलाय का? ड्रायव्हर क्लच दाबत नाही, गिअर बदलत नाही. एक दांडा पुढे ढकलला की रोलर पुढे, ओढला की मागे, मध्ये ठेवला की उभा. इंजिनाचा आवाज मात्र तोच. हे हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन. त्याची आकृती मी परीक्षेत पाठ करून काढली होती आणि मार्कही मिळवले होते. समजली मात्र गेल्या सुट्टीत, अमेरिकेत, मामाच्या गॅरेजमध्ये, कोपरापर्यंत तेल लागल्यावर! (माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

मामा ओहायो राज्यात अथेन्स गावाजवळ राहतो. भाग डोंगराळ. तिकडे घराभोवतीचं गवत कापायला आणि हिवाळ्यात बर्फ ढकलायला लोक छोटा ट्रॅक्टर ठेवतात, त्याला गार्डन ट्रॅक्टर म्हणतात. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१ मध्ये 'कब कॅडेट' नावाचा असा ट्रॅक्टर आणला आणि त्याच दशकात त्याला हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन बसवलं. मामाकडचा १९७० च्या दशकातला, १२ हॉर्सपॉवरचा. दोन वर्षं रविवार-रविवार करून त्याने तो नवा करत आणला होता. पिवळा-पांढरा रंग असा चकचकीत की मामीच्या गाडीपेक्षा भारी.

आणि मी पोचले त्या आठवड्यात तो चढावर चालेना. सपाटीवर ठीक, मागच्या अंगणाच्या चढावर इंजिन जोरात आणि ट्रॅक्टर जागच्या जागी. मामा म्हणाला, "पंप गेला. जुनं ट्रान्समिशन मिळतंय अडीचशे डॉलरला, उद्या घेऊन येतो." मी म्हटलं, "मामा, एक दिवस थांब ना."

आधी हे चालतं कसं ते सांगते. इंजिन एक पंप फिरवतं. पंपात गोल मांडलेले छोटे दट्टे असतात आणि त्यांच्यासमोर एक तिरकी होणारी थाळी, म्हणजे स्वॉशप्लेट. थाळी सरळ असेल तर दट्टे नुसते गोल फिरतात, तेल ढकलत नाहीत. हा न्यूट्रल. थाळी तिरकी केली की दट्टे आत-बाहेर होतात आणि तेल हायड्रॉलिक मोटरकडे जातं. मोटर पुढच्या गिअरमधून चाकं फिरवते आणि तेल परत पंपाकडे येतं. थाळी उलट्या बाजूला कलली की तेल उलटं वाहतं, ट्रॅक्टर मागे जातो. म्हणजे जी नळी पुढे जाताना जास्त दाबाची, तीच मागे जाताना कमी दाबाची.

या चक्रातून थोडं तेल सतत गळतं (आतल्या आत, जमिनीवर नाही). ते भरून काढायला एक छोटा चार्ज पंप असतो. त्याचं तेल दोन चेक व्हॉल्व्हमधून आत येतं, प्रत्येक बाजूला एक. जास्त दाबाच्या बाजूचा व्हॉल्व्ह त्या दाबानेच घट्ट मिटतो, दुसऱ्यातून तेल आत जातं. हे दोन व्हॉल्व्ह लक्षात ठेवा.

पहिल्या दिवशी आम्ही मागची चाकं जॅकवर उचलली, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि इंजिन चालू केलं. चाकं मस्त फिरली, दोन्हीकडे! मामा गोंधळला. पण जॅकवर चाकाला लोडच नाही, मग दाब वाढणार कसा? ही टेस्ट फसवी आहे. खरा निकाल चढावरच लागतो.

म्हणून ट्रॅक्टर चढाच्या पायथ्याशी नेला, तोंड उताराकडे करून वळवला आणि मागे मागे चढवला. आणि तो चढला! आरामात, गुरगुरत. पुढे तोंड करून चढवला की मात्र मेला.

इथे माझी ट्यूब पेटली. तेल कमी असेल, तेलात पाणी शिरून ते दुधाळ झालं असेल, फिल्टर चोंदला असेल, चार्ज पंप थकला असेल, किंवा इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टच्या कपलिंगची पिन तुटली असेल, तर त्रास दोन्ही दिशांना व्हायला हवा. या गोष्टी पुढे-मागे दोन्हीसाठी एकच आहेत. मुख्य पंप झिजला असता तरी रिव्हर्सने एवढा जोर दाखवला नसता. म्हणजे दोष अशा भागात, जो फक्त एका दिशेचा आहे.

असे संशयित दोनच. एक, दांड्याची लिंकेज. दांडा पूर्ण पुढे, पण थाळी अर्धीच कलते, असं होऊ शकतं. पण मग ट्रॅक्टर हळू जाईल, तरी जोर टिकेल. आमचा सपाटीवर वेगात जायचा आणि जोर लागला की ढेपाळायचा. तरी खात्री म्हणून इंजिन बंद करून थाळीच्या बाहेरच्या टोकाला खडूची खूण केली. दोन्हीकडे जवळपास सारखी सरकली. राहिला पुढच्या दिशेचा चेक व्हॉल्व्ह.

आता गंमत ऐका. इंजिन बंद असताना हा ट्रॅक्टर ढकलता येत नाही, कारण तेल अडकून बसतं. म्हणून ट्रान्समिशनच्या वर दोन छोट्या पिना असतात. त्या दाबल्या की चेक व्हॉल्व्ह उघडे राहतात आणि तेल मोकळं फिरतं. रिस्टोर करताना मामाने ट्रॅक्टर शंभरदा तरी गॅरेजबाहेर ढकलला असेल. मी वरचं झाकण काढून टॉर्च मारला. एक पिन पूर्ण वर, दुसरी दोन-तीन मिलिमीटर खाली. तिच्याभोवती सुंदर पिवळा रंग साचून वाळलेला!

मामाने स्प्रे मारताना ती दाबलेलीच राहिली होती. व्हॉल्व्ह किंचित उघडा. सपाटीवर दाब कमी, चालून जायचं. चढावर सगळं तेल तिथून पळायचं.

थिनर लावलं, अर्धा तास थांबलो, पक्कडीने हलवलं. "टक्" आवाज करून पिन वर आली. (घाईत इंजिन चालू ठेवून असल्या ठिकाणी बोट घालू नका. दाबाखालचं तेल बारीक भोकातून सुटलं तर कातडीच्या आत शिरतं, आणि मग थेट हॉस्पिटल.) ट्रॅक्टर पुढे तोंड करून चढला. मामा वर पोचून हात हलवत होता, मामी खिडकीतून हसत होती.

एक दुखणं मात्र राहिलंच. दांडा न्यूट्रलला ठेवला तरी ट्रॅक्टर मुंगीच्या वेगाने पुढे सरकतो. लिंकेजची खाच झिजलीय, तीत वेल्डिंग भरून कानस मारावी लागेल. ते काम मामाने हिवाळ्यावर टाकलंय, तोवर उतरताना ब्रेक लावून चाकाखाली ठोकळा सरकवतो.