जाणकार कोणाला म्हणावे?

जुन्या मोटारींच्या शौकिनांत जाणकार कोण? पुष्कळ मोटारी बाळगणारा नव्हे. उदाहरणास आम्ही प्रीमियर पद्मिनी घेतो. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या फियाट मोटारीलाच १९७४ मध्ये हे नाव मिळाले. ती उन्हात बंद पडली, की अर्धवट माहितगार कार्बोरेटर खोलतो. जाणकार आधी पेट्रोल चढवणाऱ्या पंपावर ओले फडके ठेवतो. गाडी चालू झाली, तर आत पेट्रोलची वाफ झाली होती हे सर्वांदेखत ठरते; न झाल्यास अंदाज चुकला असे सांगून तो पुढे शोधतो. या गाड्यांचे उत्पादन केव्हाच थांबले, कामगार पांगले. त्यांची विद्या आता हातोहातच टिकावयाची. म्हणून नवशिक्याच्या हाती पाना देऊन जो शेजारी उभा राहतो, त्यालाच आम्ही जाणकार मानतो.