अतिचंचल बालक : गोळीच्या आधीचे उपचार

मूल चार-पाच वर्षांचे असते. बालवर्गात ते एका जागी बसत नाही, दुसऱ्या मुलांच्या वह्या ओढते, गोष्ट अर्धी ऐकून उठून जाते. महिन्याभरात शाळेतून निरोप येतो, 'याला एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.' घरी आजीचे मत याच्या नेमके उलट असते, 'याचा बापही लहानपणी असाच होता, मोठेपणी आपोआप शहाणा झाला.' शाळा घाई करते, घर थांबायला सांगते आणि या ओढाताणीत आईवडील गोंधळून जातात. कोणी डॉक्टर मेंदूच्या तपासण्या सुचवितो, कोणी पहिल्याच भेटीत गोळी लिहून देतो, तर कोणी 'काही नाही, खोडकर आहे' म्हणून परत पाठवितो.

एडीएचडी, म्हणजेच अवधानाचा अभाव व अतिचंचलता, या विकारासंबंधी आज पुरेसे ज्ञान उपलब्ध आहे. मात्र सहा वर्षांखालील बालकाचे उपचार आणि शाळकरी मुलाचे उपचार एकसारखे नसतात, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असते. योग्य उपचार निवडताना हाच फरक ध्यानात ठेवावा लागतो.

चंचलता आणि विकार

लहान मूल चंचल असणे हा दोष नव्हे, तो त्या वयाचा धर्म आहे. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निकषांनुसार अवधानाभावाची नऊ आणि अतिचंचलता व उतावळेपणाची नऊ अशी लक्षणे मानली जातात. यांपैकी एका गटातील किमान सहा लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात. ती मुलाच्या वयाच्या मानाने जास्त असावीत, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावीत आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत. त्यांमुळे मुलाच्या शिकण्यात, मैत्रीत अथवा रोजच्या व्यवहारात खरोखर अडथळा येत असावा, ही अटही तितकीच महत्त्वाची आहे. केवळ शाळेत त्रास देणारे आणि घरी तासभर ठोकळे रचत बसणारे मूल या व्याख्येत सहजी बसत नाही.

वयाचा मुद्दा येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेत ज्या राज्यांत शाळाप्रवेशासाठी १ सप्टेंबर ही वयाची सीमारेषा आहे, तेथील मुलांचा अभ्यास २०१८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलांमध्ये एडीएचडीचे निदान सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांपेक्षा ३४ टक्के अधिक आढळले. वर्गातील सर्वांत लहान मुलाचा अपरिपक्वपणा आजार समजला जाण्याचा धोका असतो, असा याचा अर्थ. आपले मूल वर्गात वयाने कितवे आहे, हे पालकांनी डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

निदानाला वेळ द्यावा लागतो

एडीएचडी ठरविणारी एकही रक्ततपासणी नाही. ईईजी वा एमआरआय काढूनही हे निदान होत नाही. फिटचा संशय असल्यास ईईजी अवश्य करावा, परंतु केवळ चंचलतेसाठी महागड्या तपासण्यांचे 'पॅकेज' घेण्याचे कारण नाही. खरे निदान होते ते सविस्तर विचारपूस आणि निरीक्षण यांतून. गरोदरपण व जन्माच्या वेळचा इतिहास, बोलणे-चालणे कधी सुरू झाले, झोप, आहार, घरातील ताणतणाव, कुटुंबात कोणाला असाच त्रास होता का, हे सारे चांगला डॉक्टर विचारतो. या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याने 'याचा बापही असाच होता' हे आजीचे वाक्यदेखील त्याच्या उपयोगाचे असते. पालकांकडून आणि शाळेच्या बाईंकडून प्रश्नावली भरून घेतल्याशिवाय तो निष्कर्ष काढत नाही.

अतिचंचलतेसारखीच दिसणारी दुसरी कारणेही तपासली गेली पाहिजेत. कमी ऐकू येणारे मूल सूचना पाळत नाही. टॉन्सिल्स किंवा ॲडेनॉईड्स वाढल्याने रात्री घोरणारे, झोप अपुरी होणारे मूल दिवसा चिडचिडे व अस्थिर होते. दृष्टिदोष, रक्तातील लोहाची कमतरता, थायरॉईडचे विकार, क्षणभर शून्यात हरवून जाण्याच्या स्वरूपातील फिट, बोलण्यातील विलंब, स्वमग्नता या शक्यताही असतात. घरी केवळ मराठी बोलणाऱ्या मुलाला एकदम इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गात घातले असता, न कळणाऱ्या भाषेत ते लक्ष तरी कोठे देणार, हाही विचार व्हावा.

जावे कोणाकडे?

सुरुवात नेहमीच्या बालरोगतज्ज्ञापासून करावी. श्रवण, दृष्टी व शारीरिक तपासणी तेथेच होते. पुढील मूल्यमापन मुलांच्या विकासाचे विशेष शिक्षण घेतलेले बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ करतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात आणि पालकांना वर्तनोपचार शिकवितात, मात्र ते औषध लिहून देत नाहीत. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये.

खासगी खर्च न परवडणाऱ्यांसाठीही मार्ग आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शासकीय शाळांतील मुलांची तपासणी होते. ज्या व्याधींचा शोध घ्यावयाचा, त्यांत एडीएचडीचाही समावेश आहे. अशी मुले जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविली जातात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील मानसोपचार विभागही उपलब्ध असतात. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत प्राथमिक सल्ला मिळतो.

पहिला उपचार पालकांचे प्रशिक्षण

अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चार वर्षांपासून सहावा वाढदिवस होईपर्यंतच्या मुलांसाठी पहिला उपचार म्हणजे पालकांना वर्तन-व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देणे. ब्रिटनमधील 'नाईस' या संस्थेच्या २०१८ च्या सूचना याहून कडक आहेत. पाच वर्षांखालील मुलाला, या वयोगटाचा अनुभव असलेल्या दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्याखेरीज औषध देऊ नये, असे त्या सांगतात.

'प्रशिक्षण' म्हटल्यावर पालकांना वाटते की आपण चुकलो, असा ठपका ठेवला जात आहे. तसे मुळीच नाही. हा मेंदूच्या विकासाशी निगडित विकार आहे, तो संगोपनातील चुकीमुळे होत नाही. परंतु अशा मुलाला साधारण मुलापेक्षा अधिक स्पष्ट, ताबडतोब आणि सातत्याचा प्रतिसाद लागतो, आणि तो देण्याचे कौशल्य शिकावे लागते.

आठवड्यातून एक भेट, याप्रमाणे साधारण दोन-तीन महिने हे प्रशिक्षण चालते. मुलाच्या नजरेच्या पातळीवर येऊन एका वेळी एकच छोटी सूचना देणे, ती पाळताच लगेच कौतुक करणे, किरकोळ खोड्यांकडे दुर्लक्ष करणे, धोकादायक वर्तनाला ठरलेला आणि सौम्य परिणाम देणे, जेवण-झोप-खेळ यांचे वेळापत्रक न बदलणे आणि रोज दहा-पंधरा मिनिटे मुलाच्या कलाने त्याच्याशी खेळणे, अशी त्याची सूत्रे आहेत. मारल्याने वा ओरडल्याने असे मूल सुधारत नाही, उलट हट्टी व भेदरट होते. आपल्याकडील घरांत आजी-आजोबांनाही या भेटींत सामील करून घ्यावे. आईने नाही म्हटलेली गोष्ट आजोबांकडून मिळत असेल, तर सारे श्रम वाया जातात. बालवर्गाच्या बाईंनाही तीच पद्धत समजावून सांगितली पाहिजे.

साखर बंद केल्याने चंचलता जाते, हा समज मात्र संशोधनात टिकलेला नाही.

औषध केव्हा?

औषधाला घाबरून बसणेही तितकेच अहिताचे. सहा वर्षांवरील मुलांमध्ये मिथाइलफेनिडेट हे औषध परिणामकारक ठरले आहे. ॲटोमॉक्सेटिन हा दुसरा पर्याय असून त्याचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. देखरेखीखाली घेतल्यास या औषधांचे व्यसन लागेल, ही भीती निराधार आहे.

सहा वर्षांखाली मात्र हिशेब बदलतो. अमेरिकेत साडेपाच वर्षांपर्यंतच्या मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आधी पालकांना दहा आठवडे प्रशिक्षण देण्यात आले आणि त्यानंतरच गरज उरलेल्या मुलांना मिथाइलफेनिडेट दिले गेले. औषधाचा उपयोग झाला, पण मोठ्या मुलांच्या मानाने कमी. आणि दुष्परिणाम जास्त दिसले. भूक मंदावणे, झोप उडणे, चिडचिड वाढणे हे त्यांतील प्रमुख. उंची व वजनाची वाढही अपेक्षेपेक्षा कमी झाली. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दीर्घकाळ परिणाम टिकणाऱ्या उत्तेजक औषधांच्या माहितीपत्रकात, सहा वर्षांखालील मुलांच्या वजनघटीबाबत इशारा देणे बंधनकारक केले.

म्हणून प्रशिक्षणाचा प्रामाणिक प्रयत्न होऊनही त्रास तीव्र राहिला, मूल रस्त्यावर धावून जाऊन जीव धोक्यात घालू लागले किंवा शाळेतून काढले जाण्याची वेळ आली, तर तज्ज्ञ अत्यल्प मात्रेत औषधाचा विचार करतात. त्याआधी कुटुंबातील हृदयविकाराची चौकशी आणि नंतर वजन, उंची, नाडी व रक्तदाब यांची नियमित नोंद आवश्यक असते. भारतात मिथाइलफेनिडेट हे कडक नियंत्रणाखालील औषध आहे. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते. ते दुसऱ्या कोणाच्या सल्ल्याने वा जुन्या चिठ्ठीवर मिळविण्याचा प्रयत्न करू नये.

डॉक्टरांना हे विचारा

निदान कोणत्या निकषांवर केले? शाळेचा अहवाल पाहिला का? दुसरी कारणे तपासली का? पालक-प्रशिक्षण येथे मिळेल का, नसल्यास कोठे? औषध देत असाल तर कोणते, कशासाठी, आणि ते थांबविण्याचा निर्णय कधी व कसा घेणार? या प्रश्नांची उत्तरे शांतपणे देणारा डॉक्टर योग्य समजावा. दहा मिनिटांत निदान, 'हमखास बरे करू' अशी हमी, थेरपीच्या महिनोन्‌महिन्यांच्या पैशांची आगाऊ मागणी, किंवा मुलाला दिवसभर गुंगी आणणारे औषध, या सावध होण्याच्या खुणा होत.

उपचार मूल गप्प बसावे यासाठी नसतात. त्याला शिकता यावे, मित्र मिळावेत, इजा होऊ नये यासाठी असतात. 'वाईट मुलगा' हा शिक्का चार-पाच वर्षांच्या मुलावर एकदा बसला, की हळूहळू तेही स्वतःला तसेच मानू लागते. म्हणून गोळीची घाई करू नये. पण 'मोठेपणी सुधारेल' म्हणून तपासणीही लांबणीवर टाकू नये.