खुब्याचा नवा सांधा आणि त्याची नोंद

आमच्या हॅरिस पार्कात आपली वयस्क मंडळी भेटली की पूर्वी मुलांच्या नोकऱ्यांविषयी बोलत, आता गुडघ्यांविषयी बोलतात. कोणाचा उजवा बदलला, कोणाचे दोन्ही, कोण जवळच्या वेस्टमीड रुग्णालयाच्या यादीत नाव लावून वाट पाहात आहे. पण "तुमच्या आत नेमके काय बसवले आहे?" असे विचारावे, तर "टायटॅनियम असेल बहुधा" किंवा "ते मुलाला ठाऊक" असे उत्तर मिळते. घरातल्या शीतकपाटाची पावती आपण दहा वर्षे जपतो. हाडात बसवलेल्या वस्तूचे नाव मात्र आपल्याला सांगता येत नाही. हे नाव का ठाऊक हवे, ते या लेखात सांगायचे आहे.

शाळेत आपण ज्याला उखळीचा सांधा म्हणत होतो, तो खुब्याचा. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. ते झिजले की हाडावर हाड घासते. आपण मूळचे शनवार तेली. वंगण संपले की घाण्याचे काय होते, हे आपल्याला निराळे सांगायला नको.

इंग्लंडचे डॉ. जॉन चार्न्ली यांनी या घर्षणाचाच विचार केला. धातूचा लहान गोळा (सुमारे 22 मिलिमीटर) आणि त्याला प्लास्टिकची वाटी अशी त्यांची योजना होती. गोळा हाडात पक्का बसावा म्हणून जो लुकण वापरला, तो आपल्या कवळ्या ज्या पदार्थाच्या होतात त्याच जातीचा. वाटी पहिल्यांदा टेफ्लॉनची केली. ती दोन-तीन वर्षांतच झिजली, झिजलेल्या भुकटीने आतला भाग सुजला आणि कित्येक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. 1962 साली त्यांनी टणक पॉलिथिलीन वापरायला घेतले आणि ते टिकले. पण त्यांचा मोठेपणा आम्हाला दुसऱ्याच गोष्टीत वाटतो. आपण बसवलेल्या सांध्याचे पुढे काय होते, हे ते वर्षानुवर्षे पाहात राहिले. रुग्ण वारल्यावर तो सांधा तपासायला मिळावा, म्हणून त्यांची संमतीही आधी घेऊन ठेवत.

पुढे काही कंपन्यांना वाटले की प्लास्टिक झिजते, तर दोन्ही भाग धातूचेच का नकोत? जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू या कंपनीने एएसआर नावाचा असा खुबा बाजारात आणला. त्याची वाटी उथळ होती. चालताना गोळा वाटीच्या कडेवर घासे आणि कोबाल्ट-क्रोमियमचे अतिसूक्ष्म कण सुटून आसपासच्या मांसात व रक्तात जात. रुग्णाला दुखे, सूज येई, मांस खराब होई. एकेका डॉक्टरपुढे असे दोन-चार रुग्ण आले, तर त्याला वाटावे की माझाच हात चुकला, किंवा रुग्णाचे हाड कच्चे.

हा दोष ठळकपणे उघडा पडला तो इथे, ऑस्ट्रेलियात. इथल्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेने 1999 साली सांधेबदलाची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. कल्पना स्वीडनची, तिथे गुडघ्यांची नोंद 1975 पासून होते. पद्धत साधी आहे. सांध्याच्या खोक्यावर नाव व क्रमांकाच्या चिकटपट्ट्या असतात. शस्त्रक्रिया होताच त्यातली एक नोंदीच्या कागदावर चिकटवून पाठवायची. तोच सांधा पुढे कुठल्याही गावी काढावा लागला, तरी तेही नोंदले जाते. अशा हजारो नोंदी एकत्र मांडल्यावर 2007 सालीच दिसले की एएसआर इतरांपेक्षा जास्त वेळा काढावा लागतो आहे. 2009 च्या डिसेंबरात तो ऑस्ट्रेलियाच्या बाजारातून गेला. जगभरातून परत घेतला गेला ऑगस्ट 2010 मध्ये, आणि तोवर सुमारे 93,000 लोकांच्या शरीरात बसला होता.

आता आपल्या मायदेशाकडे पाहा. भारतात एएसआरच्या सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने 2011 साली मुंबईत पोलिसांकडे तक्रार नोंदवली, पण दिल्लीहून देशभर इशारा निघायला 2013 उजाडले. केंद्र सरकारने 2017 साली नेमलेल्या समितीच्या अहवालानुसार सुमारे 3,600 रुग्णांचा पत्ताच लागला नाही. नुकसानभरपाई 30 लाखांपासून 1 कोटी 23 लाखांपर्यंत ठरली, पण ज्याला आपल्या आत काय आहे हेच ठाऊक नाही, तो ती मागणार कशी? भारतातही शल्यचिकित्सकांनी नोंदवही सुरू केली आहे. मात्र ती ऐच्छिक आहे. आमच्या मते ती सक्तीची हवी.

याने कोणी घाबरू नये. बहुतेक सांधे चांगले चालतात. याच ऑस्ट्रेलियन आणि फिनलंडच्या नोंदींवरून 2019 साली हिशेब निघाला की बदललेल्या शंभर गुडघ्यांपैकी 82 आणि खुब्यांपैकी 58 पंचवीस वर्षेही टिकतात. पासष्टीत सांधा बदललेल्याला याहून अधिक काय हवे?

ऑस्ट्रेलियात शस्त्रक्रिया झाली असेल तर रुग्णाला एक कार्ड मिळते. 1 डिसेंबर 2021 पासून कायम बसवण्याच्या बहुतेक वस्तूंसोबत ते देणे उत्पादकांना बंधनकारक आहे. त्यावर वस्तूचे नाव, प्रकार व क्रमांक असतो. मुंबई-ठाण्याला शस्त्रक्रिया झालेल्यांनी रुग्णालयातून मिळालेला घरी सोडतानाचा कागद पाहावा, त्या चिकटपट्ट्या पुष्कळदा त्यावरच लावलेल्या असतात. नसतील तर रुग्णालयाच्या नोंदणी विभागाला शस्त्रक्रियेची तारीख देऊन लेखी मागाव्यात. लोद-दिमोनाच्या वाचकांनीही हेच करावे. छायाप्रत काढून एक आपल्या पाकिटात आणि एक मुलांकडे ठेवावी.

पेसमेकर किंवा कानातले यंत्र असलेल्यांना तर हे कार्ड जवळ हवेच. एमआरआयच्या लोहचुंबकाखाली जाण्यापूर्वी यंत्र कोणते, हे तंत्रज्ञाला कळलेच पाहिजे. (जाता जाता: सुईने हृदयाला विजेचे ठोके देणारे यंत्र डॉ. मार्क लिडविल यांनी 1928 साली याच सिडनीत एका नवजात बाळावर वापरले, आणि ते बाळ वाचले.)

2003 ते 2010 या काळात ज्यांचा खुबा बदलला आणि कागद सापडत नाहीत, त्यांनी काही दुखत नसले तरी डॉक्टरांना एकदा विचारावे. सांधा धातूवर धातूचा निघाला, तर रक्तातले कोबाल्ट व क्रोमियम साध्या तपासणीत मोजता येते.